पहिला प्रश्न वयाचा : पोलीस चौकशीतील अल्पवयीन आणि कायदा

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्याच्या पौड रस्त्याच्या परिसरातील एका व्यापारी कुटुंबाच्या घरी पाच स्त्रिया आणि दोन बालके यांची हत्या झाली. स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. लुटीच्या हेतूने झालेल्या या हत्याकांडाने सारे शहर हादरले. काही दिवसांतच राजस्थानातून पुण्यात आलेले तरुण पकडले गेले. त्यांत बिकानेरकडील जालबसर गावचा एक जण होता. तपासाच्या आणि खटल्याच्या कागदांत तो सज्ञान म्हणूनच नोंदला गेला. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, पुढील वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही.

२०१८ साली त्याने एक अर्ज केला. गुन्ह्याच्या दिवशी आपण अल्पवयीन होतो, एवढेच त्यात म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली. गावच्या शाळेच्या दप्तरात जन्मतारीख सापडली, १ फेब्रुवारी १९८२. दप्तरातील नाव आणि खटल्यातील नाव यांत थोडा फरक होता, म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हेही सिद्ध करावे लागले. २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला : घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर त्याने तुरुंगात २८ वर्षांहून अधिक काळ काढला होता, त्यातील मोठा भाग फाशीच्या छायेत. न्यायालयाने त्याची तत्काळ सुटका करण्याचा आदेश दिला.

या निकालाने अनेकांना अस्वस्थ केले आणि ते स्वाभाविकच होते. ज्या घरातील सात माणसे गेली, त्या घराला या मुक्ततेत न्याय कसा दिसावा? परंतु प्रश्न असाही आहे की १९९४ सालीच वयाची नीट चौकशी झाली असती, तर काय घडले असते. त्या वेळी लागू असलेल्या १९८६च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलगा बाल मानला जात असे. प्रकरण बाल न्यायालयाकडे गेले असते, त्या मार्गाने निकाली निघाले असते आणि पीडित कुटुंबालाही तीन दशकांनंतर जुनी जखम पुन्हा उघडी झालेली पाहावी लागली नसती. वय तपासण्यातील हलगर्जीपणाने आरोपीचे नुकसान केले, तसेच फिर्यादीचेही केले.

व्यापारी कुटुंबांचा या विषयाशी संबंध दोन्ही बाजूंनी येतो. घरातील सतरा वर्षांचा मुलगा मित्रांसोबत एखाद्या मारामारीत वा अपघातात सापडतो, तेव्हा वडील पेढी सोडून पोलीस ठाण्यात धावतात. दुकानात चोरी किंवा हल्ला झाला की तेच वडील फिर्यादी असतात आणि संशय बहुधा कामावरच्या परगावच्या पोरावर जातो. कायदा या दोन मुलांत भेद करत नाही. कपड्यांवरून आणि भाषेवरून भेद केला जातो तो व्यवहारात.

आज लागू असलेला कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याखाली केंद्राने २०१६ साली आदर्श नियम केले आणि महाराष्ट्राने २०१८ साली स्वतःचे. गुन्ह्याच्या दिवशी ज्याला अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत, तो या कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. शब्द बोजड आहे खरा, पण तो मुद्दाम योजला आहे, कारण आरोपी, अटक, कोठडी हे शब्द मुलाच्या बाबतीत वापरू नयेत असे कायद्याचेच तत्त्व आहे. त्याला अटक होत नाही, ताब्यात घेतले जाते.

वय ठरवण्याची रीत कलम ९४ मध्ये आहे. प्रथम शाळेने दिलेले जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीच्या परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पाहायचे. ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांपैकी काहीच न मिळाल्यास मगच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि तिच्या निष्कर्षात दोन वर्षांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते हे न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे. या यादीत आधार कार्ड नाही. बालपणाचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. पुण्याच्या प्रकरणात तो याच तरतुदीमुळे ऐकला गेला. तथापि तो पहिल्या रात्रीच करता आला, तर सर्वात उपयोगी ठरतो, कारण पुढचे सारे संरक्षण वय मान्य झाल्यावरच सुरू होते.

हे संरक्षण काय आहे, ते नियमांत अतिशय तपशिलाने सांगितले आहे. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. हातकडी, साखळी, बळजबरी यांना मनाई आहे. ताब्यात घेतल्याबरोबर तो विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला पाहिजे. असा किमान एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा, तो सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसावा आणि मुलाशी बोलताना गणवेशात नसावा. पालकांना कळवण्याची जबाबदारी त्याचीच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणालाही कळवायचे असते, म्हणजे मोफत वकील मिळतो. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट नाही. बालक असणे हीच पात्रता. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते.

प्रत्यक्ष विचारपूस कोठे आणि कशी व्हावी, हेही ठरलेले आहे. विशेष पथकाच्या जागी, किंवा ठाण्यातच मुलांसाठी राखलेल्या अशा कोपऱ्यात, जेथे आपण पोलिसांच्या कचाट्यात आहोत असे मुलाला वाटणार नाही. त्या वेळी आईवडील किंवा पालक उपस्थित राहू शकतात. ‘तुम्ही बाहेर बाकावर बसा, आम्ही दोन प्रश्न विचारून सोडतो’ असे सांगितले गेल्यास हा नियम नम्रपणे पण स्पष्टपणे दाखवून देता येतो. कबुली देण्यासाठी मुलावर दबाव आणता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही जबाबावर त्याची सही मागता येत नाही. घाबरलेला बाप पुष्कळदा मुलालाच म्हणतो, ‘कर सही, मग घरी जाऊ.’ नियम तसे सांगत नाही.

या नियमांमागे केवळ करुणा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. भीतीपोटी दिलेला कबुलीजबाब सत्यापर्यंत नेत नाही, हा अनुभव त्यांच्या मुळाशी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका खासगी शाळेत सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली. त्याच दिवशी शाळेच्या बसचा वाहक पकडला गेला आणि त्याने कॅमेऱ्यांपुढे गुन्हा कबूल केल्याचे देशाने पाहिले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, वाहकाविरुद्ध पुरावा आढळला नाही आणि २०१८च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. बायकामुले असलेला प्रौढ माणूस जर न केलेला खून कबूल करतो, तर शाळकरी मुलगा काय कबूल करणार नाही? समोरच्या मोठ्या माणसाला जे ऐकायचे आहे ते बोलून सुटका करून घेणे, हे मूल घरातही करते. त्याच प्रकरणात पुढे सोळा वर्षांचा एक विद्यार्थी ताब्यात घेतला गेला. त्याच्यासंबंधीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा उल्लेख पुढे येईल.

पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही, हे अनेकांना ऐकून ठाऊक असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ खाली हा नियम कायम आहे. पण त्याला एक अपवाद आहे आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. ताब्यातील व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू मिळाली, जसे चाकू, मोबाइल, रक्ताळलेला सदरा, तर त्या शोधाशी थेट जोडलेला माहितीचा भाग न्यायालयात सांगता येतो. त्यासाठी पंचांसमक्ष निवेदन पंचनामा होतो. म्हणजे ‘कबुलीला काही अर्थ नाही, बोलून टाक’ हा ओट्यावरचा सल्ला धोक्याचा आहे. पालक आणि वकील शेजारी असण्याचे महत्त्व या क्षणी सर्वाधिक असते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधील हमी मुलालाही आहे, आणि ताब्यातील व्यक्तीला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे. मात्र वकील पूर्ण वेळ बसून राहू शकेलच असे नाही.

ताब्यात न घेता नुसते ‘चौकशीला पाठवा’ असा निरोप येतो, तेव्हाही कायदा मुका नाही. साक्षीदार म्हणून माहिती हवी असेल, तर पंधरा वर्षांखालील मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला वा स्त्रीला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी यायचे असते. पंधरा ते अठरा या वयोगटातील मुलाला एकट्याला न पाठवता घरातील जबाबदार व्यक्तीने सोबत जावे, किती वाजता गेलो आणि कोणत्या अधिकाऱ्याशी बोललो याची नोंद जवळच्या वहीत करावी. चोवीस तासांचा हिशेब करण्याची वेळ आल्यास ही साधी नोंद फार उपयोगी पडते.

गुन्हा जितका भयंकर, तितके हे हक्क सैल होतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. चौकशीच्या बाबतीत तो खरा नाही. खुनाच्या संशयातील सतरा वर्षांच्या मुलालाही कोठडी नाही, सही नाही आणि पालकांची सोबत आहे. फरक पडतो तो पुढे. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, त्याला निर्घृण गुन्हा म्हणतात. असा गुन्हा सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचे, परिणाम समजण्याच्या कुवतीचे प्राथमिक मूल्यमापन करते आणि प्रकरण प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. गुरुग्रामच्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल, तर हे मूल्यमापन तज्ज्ञांच्या साहाय्यानेच करावे लागेल. फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, या वयात कोणालाही देता येत नाही. सोळा वर्षांखालील मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते.

जामिनाचा नियमही प्रौढांच्या उलट आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा सर्वसाधारण मार्ग. सोडल्याने तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल असे वाटल्यासच मंडळ कारणे लिहून नकार देते आणि त्याला निरीक्षणगृहात ठेवते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. जामिनाच्या अटींतील तीनशे शब्दांचा निबंध तेवढा सर्वांच्या स्मरणात राहिला. त्या संतापात मुलाचे हक्क आणि घरच्यांचे वर्तन या दोन गोष्टी एकत्र मिसळल्या गेल्या. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहात ठेवणे बेकायदा ठरवले, तर दुसरीकडे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांना अटक झाली. पालकांना मुलाशेजारी बसण्याचा हक्क आहे. पुराव्याला हात लावण्याचा, ओळखीने फोन फिरवण्याचा किंवा चालकाला पुढे करण्याचा नाही, आणि तसे केल्यास मुलाच्या प्रकरणापेक्षा मोठे प्रकरण घरावर येते.

दुकानातील कामगार मुलाच्या बाबतीत फोन करणारे कोणी नसते. त्याचे आईवडील पाचशे कोसांवर, भाषा वेगळी, कागदपत्रे गावी. पोलीस विचारतात तेव्हा मालक अंदाजाने ‘असेल एकोणीस-वीस’ म्हणून मोकळा होतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे मुळात गुन्हाच आहे. त्यावरील वयाच्या मुलाला ठेवताना त्याच्या शाळेच्या प्रमाणपत्राची प्रत आणि घरचा दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून घेणे पाच मिनिटांचे काम असते. संशय असलेल्या मुलाला दुकानाच्या मागच्या खोलीत कोंडून ‘आधी आपणच विचारू’ म्हणणारा मालक मात्र स्वतः गुन्हेगार ठरतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि विधी सेवेचा क्रमांक १५१०० हे दोन आकडे गल्ल्याजवळ लावून ठेवावेत.

राहिली नावाची गोष्ट. चौकशीतील मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता, ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे कलम ७४ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही घटना घडल्यावर तासाभरात ठाण्याच्या पायरीवरचे छायाचित्र आणि ‘आपल्या अमक्यांचा मुलगा’ अशी ओळ समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरू लागते. मंडळाने प्रकरण निकाली काढल्यावर नोंदी नष्ट करण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे, म्हणजे पुढे नोकरीत, परवान्यात ती आडवी येत नाही. सोळा वर्षांवरील मुलाला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरवले असेल, तेवढा अपवाद. न्यायालयाच्या दप्तरातील कागद आदेशाने नष्ट होतो. पाचशे फोनांत साठलेले छायाचित्र नष्ट करण्याचा आदेश कोणालाही बजावता येत नाही.