आपलं संकेतस्थळ हळू का चालायचं?



गणेशोत्सवातल्या नाटकाची तिकिटं सुरू झाली की आपलं संकेतस्थळ गोगलगाय होतं, ही तक्रार आम्ही बरीच वर्षं ऐकली. कारण साधं होतं. कोणीही पान उघडलं की डेटाबेसला तेच प्रश्न पुन्हा विचारले जात: कार्यक्रम कोणते, किती वाजता, तिकीट केवढ्याला? प्रत्येक पाहुण्यासाठी चहाचं वेगळं आधण ठेवण्यातलाच प्रकार!

मग आम्ही एकदा मिळालेलं उत्तर १० मिनिटं मेमरीत ठेवू लागलो. यालाच कॅशिंग म्हणतात. त्यासाठी घेतलेलं मेमकॅशडी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिलं होतं. मायएसक्यूएलमध्ये अशी सोय पूर्वी आयती असे, पण टेबलातली एक ओळ बदलली तरी त्या टेबलावरची साठवलेली सगळी उत्तरं रद्द होत. २०१८ च्या ८.० आवृत्तीत ती काढूनच टाकली.

पान झटपट उघडू लागलं, आणि आम्ही हुरळून जाऊन शिल्लक जागांचा आकडाही साठवला. पैसे घेतानाही तोच शिळा आकडा पाहिला जाई. परिणामी दोन कुटुंबं तिकीट हातात असून दारातून परत गेली. पैसे परत केले, पण आजी-आजोबांची ती संध्याकाळ कशी परत करणार?

आता पैसे घेण्याआधी जागा थेट डेटाबेसमध्येच राखली जाते. त्यामुळे पानावर ‘५ जागा शिल्लक’ दिसूनही पुढे ‘जागा संपल्या’ असं आलं, तर रागावू नका. तुमचे पैसे कापले जाणार नाहीत.