यांचं सिमेंट

पहाटे ५.३०

उन्हं चढायच्या आत भिंत भिजवायची, म्हणून दिवस पाण्यानंच सुरू होतो. काल लावलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर ओली गोणपाटं टांगायची आणि हातानं पाणी शिंपडायचं. पाइप लावला की मिस्त्री ओरडतो. चुना हवा खाऊन सावकाश घट्ट होतो, पण वैशाखात एकदम सुकला तर भेगाळतो.

सातारची मैत्रीण तोवर चहा टाकते. काल ती रेल्वेनं आली. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, त्यामुळे तिकिटापेक्षा रिक्षाला जास्त गेले, हे तिनं चपला काढायच्या आधी सांगितलं. ‘कशी आहेस’ हे मात्र विचारलं नाही. बरं वाटलं.

सकाळी ७

मिस्त्री आणि त्याच्या हाताखालची माणसं येतात. पाठोपाठ स्कूटरवरून सांगलीचे भाऊजी. यांचे जुने मित्र, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. हातोडा स्वतःचा आणतात, दुसऱ्याचा त्यांना चालत नाही.

“वैनी, आज माजघराची भिंत घ्यू.”

आमचं गाव भिलवडीजवळ, कृष्णेच्या काठाला. घराचं जोतं काळ्या दगडाचं, वर कच्च्या विटांच्या भिंती, सागवानी खांब, कडीपाट, मंगलोरी कौलं. २००५ च्या पुरात पाणी सोप्यात आलं, तेव्हा यांनी भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंट मारून घेतलं. “आता बघ, थेंब आत जायचा नाही.” पुढं २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं माजघर बुडालं. २०२१ ला पुन्हा तेच. पूर ओसरला, पण भिंतीच्या पोटातलं पाणी तिथंच राहिलं.

मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगातून बाहेर सोडून देते. सिमेंटनं ती वाटच बुजवली. मग ओल वर चढत गेली, सिमेंट संपतं तिथं मीठ फुटलं, आतली माती भुसभुशीत झाली. हे मला दिसत होतं. पण यांच्या सिमेंटबद्दल यांच्यासमोर ब्र काढायची सोय नव्हती, आणि आता भांडायला माणूस उरलं नाही.

भाऊजी भिंतीला हातोड्यानं टिचक्या मारत कान देतात. बद्द वाजलं की तिथं छिन्नी आडवी धरायची. सरळ धरली तर मागची वीटही येते. गिलाव्याचे पापुद्रे ताटाएवढे सुटतात. एका पापुद्र्यावर खिळ्यानं ओरखडून लिहिलेलं निघालं: दिवाळी २००५. अक्षर यांचंच, ‘ळ’ला उगाच शेपूट.

“ह्यो तुकडा ठिवू का?”

“तुकडा कशाला? भिंत ठेवा.”

त्यांनी तो राबिटाच्या ढिगावर टाकला. जरा हळूच टाकला, एवढंच.

सकाळी १०

चुन्याचं काम सातारच्या मैत्रिणीनं स्वतःकडे घेतलं आहे. कळीचा चुना पाण्यात सोडला की रटारटा उकळतो, जवळ उभं राहवत नाही. तो विरवून बरेच दिवस पाण्याखाली ठेवलेला असतो. पूर्वी घाणीत बैल दगडी चाक फिरवून तो मळत. आमच्याकडे भाड्याचा मिक्सर घरघरतो. वाळूबरोबर हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी गाळून घालायचं. मिस्त्रीचा आजा बेलफळाचा गरही घालायचा म्हणे. हाताला खोबरेल चोपडून वर रबरी मोजे घालायचे, नाहीतर चुना कातडी खातो. आमच्या मोज्यांना मुंग्या लागल्या त्या गुळामुळे.

दुपारी १२

मधल्या दाराची चौकट बसवायची. जुन्या चौकटीचा उंबरा पुरानं कुजला, म्हणून पडवीच्या जुन्या तुळईतून नवी घडवून घेतली. मिस्त्रीनं नारळ काढला, हळदकुंकवाची पुडी काढली आणि इकडंतिकडं बघायला लागला. त्याला सवाष्ण हवी होती. त्याला तरी काय बोल लावायचा? जाऊबाईंनीही बजावलं होतं, वर्ष झाल्याशिवाय घराला हात लावायचा नाही. पावसाळा काही वर्षश्राद्धासाठी थांबणार नव्हता.

शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. परिपत्रक दारापर्यंत येतं, चौकटीला कुंकू लावायला येत नाही.

“आण इकडं,” मैत्रीण म्हणाली आणि पुडी माझ्या हातात दिली. मोजे काढून मी बोटं लावली. मिस्त्रीनं ओळंबा सोडला. चौकट एका अंगाला सुतभर कलली होती, पाचर मारून सरळ केली. पुढचं बोलणं पाचरीवरच झालं.

दुपारी २

भाकरी, झुणका, ताक. मग सगळे आडवे.

दुपारी ३.३०

यांच्या ट्रंकेत घराचे कागद सापडले. १९५३ चा एक कागद, त्यावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’. सांगली जिल्ह्याचं १९४९ पासून १९६० पर्यंत तेच नाव होतं. मैत्रीण खूश: “म्हणजे घर आमचंच!” भाऊजींनी भडंगाचा डबा तिच्यापासून लांब सरकवला.

संध्याकाळी ६

भेटायला माणसं येतात, खुर्चीच्या कडेला बसतात, आवाज बारीक करून बोलतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण काय बोलावं ते त्यांना कळत नाही, मलाही नाही. घमेलं हातात असलेल्यांना ही अडचण पडत नाही. म्हणून हल्ली मी येईल त्याला आधी पाण्याची बादली देते. काहीजण पुन्हा येत नाहीत.

रात्री ८.३०

मिस्त्रीची मजुरी वहीत मांडली. भाऊजी आणि मैत्रिणीपुढं पैशाचं नाव काढता येत नाही, पण फुकट घेणं माझ्या अंगी लागत नाही. आपल्याकडे शेतात सावड असते. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तसंच ठरलं. पावसाआधी भाऊजींच्या घराची कौलं चाळायची आहेत, त्या दिवशी त्यांच्याकडचा स्वयंपाक माझा. आषाढात मैत्रीण वारीला जाणार, तेव्हा साताऱ्यात तिच्या अंथरुणावरच्या सासूबाईंपाशी मी राहायचं. त्यांना अळणी चालत नाही आणि तिखट सोसत नाही, हे तिनं आत्ताच सांगून ठेवलं आहे.