दम लागला तरी टेकडी चढायचीच!

आमच्या घरात 'दम' हा शब्द जपून वापरावा लागतो. मराठीत दम लागतो, दम खातात, दम धरतात आणि पोरांना दमही देतात. सौ.ची मातृभाषा कन्नड. तिच्याकडे श्वासाला 'उसिरु' म्हणतात, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी मी जिना चढून वर आलो की ती आधी माझ्या उसिरुकडे कान देते, मग भाजीच्या पिशवीकडे बघते. याला कारण आहे. 2009 साली मला क्षय झाला होता. कन्नडमध्येही त्याला क्षयच म्हणतात. काही शब्दांना भाषांतराची गरज पडत नाही.

सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी व्हायची. ते औषधाचं काम, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी घाबरलोच. ऑफिसात माझा चहाचा कप कुणी न बोलता वेगळा ठेवला. वास्तविक उपचार नीट सुरू झाले की काही आठवड्यांतच बहुतेकांपासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. पण कपाला ते कोण सांगणार? आजार बरा झाला. क्ष-किरणांच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पांढुरका व्रण कायमचा राहिला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालता चालता पळू लागलो. आधी कॅम्पातल्या झाडांखालून, मग राजहंसगडाच्या चढावर. एकवीस किलोमीटर म्हणजे हाफ मॅरेथॉन, नेमकं सांगायचं तर 21.0975 किलोमीटर. सपाटीवर ते अंतर दोनदा पुरं झालं होतं. चढाचं मात्र राहून गेलं होतं.

चढाची शर्यत म्हटली की आपल्या भागातल्या लोकांना सातारा आठवतो. 2012 पासून तिथे यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन होते आणि बेळगाव-कोल्हापूरकडून पुष्कळ मंडळी जातात. पण ती असते पावसाळ्याच्या शेवटाला. दमट हवा, धुकं, अंगावर ओला कपडा. माझ्या व्रणाला ते मानवत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कोरड्या हवेत काय पळायचं ते पळा. कोरडी हवा म्हणताच मला देवास आठवलं. थोरली ताई तिथे नांदते, हे एक. आणि दुसरं कारण बेळगावच्या माणसाला सांगायला नको.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 ला जन्मलेला कन्नड घरातला मुलगा, ज्याला लहानपणीच 'कुमार गंधर्व' म्हणू लागले. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून नाव झालं, 1947 मध्ये भानुमतीबाईंशी लग्न झालं आणि लगोलग क्षयाने गाठलं. हवापालट म्हणून माळव्यातल्या देवासला नेलं, तो दिवस 30 जानेवारी 1948 चा, गांधीजींच्या हत्येचा. पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी लोकगीतं ऐकायची, एवढंच. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध नुकता लागला होता. ते औषध मिळालं म्हणून माणूस वाचला. 1953 च्या सुमारास कुमारजी पुन्हा गाऊ लागले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. ज्यांनी वाचवलं त्या भानुमतीबाई मात्र 1961 साली गेल्या. हे आठवलं की मी सौ.कडे बघायचं टाळतो.

तर गेल्या जानेवारीत आम्ही दोघं देवासला गेलो. ताईला त्या गावात पस्तीस वर्षं झाली. तिच्या मराठीत आता हिंदी मिसळली आहे. "अरे, तू तो किती दुबला झालास!" असं तिने स्टेशनवरच म्हटलं. सौ.च्या मराठीत कन्नड. जेवायला बसल्यावर दोघी एकमेकींना वाढत होत्या, एक म्हणायची "बस बस", दुसरी म्हणायची "साकु साकु". मध्ये बसून मी शुद्ध मराठीत जेवलो!

देवासच्या मधोमध टेकडी आहे. तिथले लोक टेकरी म्हणतात. वर दोन देवी: मोठी तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. तुळजाभवानी माळव्यात कशी, असा प्रश्न पडायचं कारण नाही. पवारांचं राज्य होतं. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी देवास असं वाटून घेतलं की एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली, दोन राजे, दोन दरबार. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस होते. त्यांनी पुढे 1953 साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं, ते याच टेकडीच्या नावाचं. आणि कोल्हापूरकरांनी इकडे लक्ष द्यावं: राजर्षी शाहूंच्या कन्या अक्कासाहेब याच थोरल्या पातीत दिल्या होत्या, आणि त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव 1947 मध्ये कोल्हापूरला दत्तक येऊन शहाजी महाराज झाले. म्हणजे आपलं आणि देवासचं जाणं-येणं जुनं आहे.

टेकरीवर तीन दिवस सराव केला. पहाटे पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. आता रोप-वे झाला आहे, पण पहाटे पायऱ्यांवर माणसं असतात, आणि साठी-सत्तरीतल्या बायका पदर खोचून माझ्या पुढे निघून जात. पायथ्याशी कुमारजींचं घर आहे, 'भानुकुल'. फाटकाबाहेर पाच मिनिटं उभा राहायचो. आत जावं, ओळख सांगावी, सुळेभावी म्हणावं, असं वाटायचं. पण घामेजलेल्या बनियनवर कुणाच्या दारात कशाला जायचं? त्यांच्या गाण्यात तान मध्येच तुटते आणि पुन्हा उसळून वर जाते, ते फुप्फुसामुळे की मुळात त्यांचा पिंडच तसा, यावर जाणकार वाद घालतात. मला गाण्यातलं फार कळत नाही. मी चढावर चार मिनिटं पळतो, एक मिनिट चालतो, पुन्हा पळतो. अमेरिकेचे ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी हौशी लोकांसाठी ही पद्धत रूढ केली. तेव्हा तुकड्या-तुकड्याने पुढे जाण्याची लाज मला तरी वाटत नाही.

पळायची जागा ठरली मांडव. धार जिल्ह्यातला हा किल्ला विंध्याच्या कडेवर, साधारण दोन हजार फुटांवर आहे. शर्यत नव्हती, बिल्ला नव्हता. भाचा स्कूटरवर पाणी घेऊन मागे, ताई आणि सौ. गाडीत. आदल्या रात्री धारमध्ये मुक्काम केला. धारच्या किल्ल्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे भाच्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. अभिमानाला दुसरी बरीच स्थळं धारमध्ये आहेत, पण मी काही बोललो नाही. पाहुण्याने बोलू नये.

सौ.ची अट एकच होती. खोकला आला तर थांबायचं.

सकाळी साडेसहाला जामा मशिदीसमोरच्या चौकातून निघालो. भाच्याच्या मोबाईलवर आठ अंश दाखवत होतं. कानटोपी, हातमोजे आणि नाकावर सुती रुमाल. थंड कोरडी हवा तोंडाने ओढली की श्वासनळ्या आखडतात आणि ढास लागते. रुमालातून घेतली की ती जरा ऊबदार, ओलसर होऊन आत जाते. आजारात शिकलेली गोष्ट पळताना कामाला आली. पहिले पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला, रूपमतीच्या मंडपाकडे. शेतं, तळं, पडक्या कमानी, आणि मधूनच ती अजस्र गोरखचिंचेची झाडं. मूळ आफ्रिकेची, तिथले लोक 'मांडू की इमली' म्हणतात. बुंधा हत्तीसारखा आणि डोक्यावर चार काटक्या, जणू झाड कुणी उलटं पुरलं आहे. रेवाकुंडानंतर चढ लागला. पावलं आखूड केली, नजर पायापुढे दहा हातांवर ठेवली. चढावर वर बघू नये, चढ मोठा होतो. मंडपाशी पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. खाली निमाडचं मैदान धुक्यात होतं. हवा स्वच्छ असेल तर तिथून नर्मदेची रेघ दिसते आणि राणी तिचं दर्शन घेतल्यावाचून जेवत नसे, अशी दंतकथा आहे. मला रेघ दिसली नाही. दोन खजूर खाऊन वळलो.

परत चौकात आलो तेव्हा साडेअकरा किलोमीटर झाले होते. गाडीतून ताईने हात हलवला. सौ.ने हलवला नाही, ती माझ्या छातीकडे बघत होती.

खरी परीक्षा पुढे होती. किल्ल्याच्या उत्तरेला रस्ता दरवाज्यांमधून खाली उतरतो, बाजूला काकडा खोहची खोल दरी. उतार बघून नवशिक्याला आनंद होतो आणि तिथेच तो फसतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात. त्या वेळी काही कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासला बसणं मुश्कील होतं तेव्हा कळतं. "मामा, आराम से!" भाचा मागून ओरडत होता. मी आवरतं घेतलं, पण पुरेसं नाही. सोळा किलोमीटरच्या पुढे उताराच्या पायथ्याशी वळलो आणि चढाला तोंड दिलं तेव्हा मांड्या थरथरत होत्या.

दरवाज्याखालच्या वळणावर खोकला आला.

आधी एकदा, मग लागोपाठ चार-पाच वेळा. मी थांबलो, गुडघ्यांवर हात टेकले. सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला पंधरा वर्षांपूर्वीची रात्र आठवली, न्हाणीघरातला दिवा, आणि रुमाल उलगडून बघणारी सौ. गाडी मागोमाग येतच होती. ती उतरली, रस्ता ओलांडून आली.

"साकु री. निल्ल्री," ती म्हणाली. पुरे आता, थांबा.

खोकला कसला, ते मला ओळखता येतं. छातीतून येणारा वेगळा, घशातून येणारा वेगळा. हा घशाचा होता, थंडीचा आणि धुळीचा. मघाशी एक ट्रक गेला तेव्हा रुमाल मानेवर सरकला होता. पण हे मला आत कळत होतं, तिला बाहेरून कसं कळणार? मी पाणी मागितलं. कोमट होतं, तिनेच सकाळी थर्मासमध्ये भरलेलं. दोन घोट घेतले. खोकला थांबला. दोघंही कठड्याशी उभे राहिलो. दरीतून मोर ओरडला. मी तिला म्हटलं, पळत नाही, चालतो. तू बरोबर चल.

ती चालली. साडीवर स्वेटर, पायात चपला, दोन वळणं ती माझ्याबरोबर चढली. बोलणं काही नाही. मध्येच माझ्या लक्षात आलं की दम तिला लागला आहे, मला नाही. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या वळणावर ती थांबली, गाडीकडे हात केला आणि म्हणाली, "होग्री." जा.

उरलेलं अंतर चार मिनिटं पळत, एक मिनिट चालत, मग दोन मिनिटं पळत, दोन चालत असं संपवलं. चौकात पोचलो तेव्हा घड्याळात एकवीस किलोमीटरच्या वर थोडं आणि वेळ दोन तास त्रेपन्न मिनिटं. चांगल्या धावपटूचं तेवढ्यात पुरं बेचाळीस होतं. मी कट्ट्यावर बसलो. भाच्याने फोटो काढला, त्यात मी डोळे मिटलेला आलो आहे.

सौ.ने माझ्या गळ्यातला रुमाल सोडवून घेतला. ऊन आता चांगलं आलं होतं. तिने तो उन्हात धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. मग ताईला विचारलं, ते तळलेलं गराडू थंडीतच मिळतं म्हणालात, ते इथे कुठे मिळेल?

मिळालं नाही. त्यासाठी इंदूरला जावं लागलं.