सायफनची नळी आणि कारणाचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या शब्दापाशी थांबलो होतो. कुठलीही घटना घडते तेव्हा तिच्या आधी आणि तिच्याबरोबर पुष्कळ गोष्टी हजर असतात. त्यातली कोणती गोष्ट कारण आणि कोणती नुसतीच शेजारी उभी होती, हे ठरवायचं कसं, असा प्रश्न होता. आज त्यासाठी एकच उदाहरण घेऊ. घरी बनवलेली बिअर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नळीनं काढणं, हे ते उदाहरण. काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण उदाहरण गुणाचं आहे, म्हणून निवडलं.

आधी एक खुलासा. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना 1963 साली रद्द झाला. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं वाट मोकळी झाली. तिथे हा रीतसर छंद आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य बनवणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा आपण नळीकडे बघायचं, पेल्याकडे नाही.

तर ब्रिटनमधलं एखादं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. टेबलावर झाकणाचं मोठं भांडं आहे. त्यात पाच गॅलन, म्हणजे सुमारे 23 लिटर बिअर आहे. माल्टच्या गोड काढ्यात यीस्ट घालून तो आठ-दहा दिवस आंबवला आहे. यीस्टचं काम आटोपलं, तसा तो तळाशी बसला. या तळाच्या गाळाला आपल्याकडे साका म्हणतात. आता साका मागे ठेवून वरची निवळ तेवढी दुसऱ्या भांड्यात घ्यायची आहे.

सरळ ओतली तर दोन नुकसानं होतात. एक, साका ढवळला जातो. दुसरं, बिअरमध्ये हवा मिसळते, आणि काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. गंमत बघा. यीस्ट घालताना याच काढ्यात हवा मुद्दाम मिसळलेली असते, कारण वाढायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. आंबवून झाल्यावर तोच ऑक्सिजन वैरी होतो. म्हणजे ‘ऑक्सिजन चांगला की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. केव्हा आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

म्हणून लोक सायफन वापरतात. नळी उकळून गार केलेल्या पाण्यानं भरायची, एक टोक बोटानं दाबून धरायचं आणि दुसरं वरच्या भांड्यात, साक्याच्या जरा वर, बुडवायचं. मग दाबलेलं टोक खाली न्यायचं, नळीतलं पाणी एका पेल्यात सोडून द्यायचं आणि बिअर आली की ते टोक खालच्या भांड्याच्या तळाला टेकवायचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. तोंडानं ओढून सुरुवात करू नये, कारण आपल्या तोंडातले जिवाणू बिअर आंबट करू शकतात. एवढं केलं की बिअर भांड्याच्या काठावरून वर चढते, वळसा घेते आणि खाली उतरते. पाच-दहा मिनिटांत काम होतं.

आपल्यातल्या पुष्कळांनी हे वसुदेवाच्या पेल्यात पाहिलं असेल. पितळी पेला, मधे वसुदेव, डोक्यावर बाळकृष्ण. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की यमुना ओसरते, म्हणजे पेला आपोआप रिकामा होतो. मूर्तीच्या आत वाकडी नळी असते. पाणी तिच्या वळणापर्यंत चढलं की नळी भरते आणि पुढचं सगळं पाणी निघून जातं. तत्त्व तेच.

आता मुख्य प्रश्न. द्रव काठावर चढतो कशामुळे? शाळेत शिकलेलं उत्तर बहुतेकांना पाठ असतं: हवेच्या दाबामुळे. पण जरा थांबून विचारू या. हवा वरच्या भांड्यावर दाबते, तशी खालच्या भांड्यावरही दाबते. दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा. उलट खालच्या भांड्यावर तो केसभर जास्तच, कारण ते खाली आहे. मग सारख्या दाबानं दिशा कशी ठरेल? दिशा ठरते ती दोन पृष्ठभागांच्या उंचीतल्या फरकानं, म्हणजे गुरुत्वाकर्षणानं. अर्ध्या मीटरचा फरक असला तर घर्षण सोडून हिशेब केल्यास वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर येतो. फरक कमी होत जातो तसा प्रवाह मंदावतो. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की तो थांबतो, मग बाहेर हवा कितीही दाबत असो.

यावर काहीजण साखळीचं उदाहरण देतात. कप्पीवरून टाकलेल्या साखळीची लांब बाजू आखूड बाजूला ओढते, तसाच सायफन. उदाहरण चांगलं आहे, पण पुरतं बसत नाही. नळीची चढणारी बाजू जाड घ्या आणि उतरणारी बारीक. आता चढत्या बाजूत द्रव जास्त, वजन जास्त. साखळी उलटी धावली असती. सायफन तरीही खालच्या पातळीकडेच वाहतो. तेव्हा हिशेब वजनाचा नाही, उंचीचा आहे.

मग हवेचा काहीच संबंध नाही का? आहे. 1630 साली जिनोव्हाच्या जोव्हान्नी बात्तिस्ता बालियानी यांनी गॅलिलिओला पत्र लिहिलं. एका टेकडीवरून पाणी नेण्यासाठी सुमारे 21 मीटर चढाचा सायफन केला होता आणि तो काही चालेना. गॅलिलिओचं म्हणणं असं की दोर फार लांब झाला की स्वतःच्याच वजनानं तुटतो, तसं पाण्याचं झालं. बालियानींचा विचार हवेला वजन असतं या दिशेनं गेला. पुढे 1644 मध्ये तोरिचेल्लींनी पाऱ्याचा प्रयोग मांडला आणि हवा सुमारे 76 सेंटिमीटर पारा तोलून धरते हे दिसलं. पाण्याच्या भाषेत ते साधारण दहा मीटर. नेहमीचा सायफन त्याहून उंच चढत नाही तो यामुळे. म्हणजे वायुदाबमापक आपल्या हाती आला तो एका न चाललेल्या सायफनच्या वाटेनं.

अलीकडचे दोन प्रयोग तर फारच बोलके आहेत. ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांनी एका सहकाऱ्याबरोबर दीड मीटर उंचीचा सायफन कमी दाबाच्या कक्षात चालवला. दाब खूपच उतरवल्यावर शेवटी पाण्याचा स्तंभ वळणापाशी तुटून त्याचे दोन भाग झाले. म्हणजे हवा हवीच. पण 2015 साली ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरघळलेली हवा काढून टाकलेल्या पाण्याचा 15 मीटर उंचीचा सायफन चालवून दाखवला. दहा मीटरच्या वर हवेचा दाब पुरत नाही. तिथे पाण्याच्या रेणूंनीच एकमेकांना धरून ठेवलं होतं.

याच ह्यूज यांनी 2010 साली दाखवून दिलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सायफनचं श्रेय हवेच्या दाबाला दिलं आहे. ती व्याख्या 1911 ची. नंतर ती बदलली. पण जवळजवळ शंभर वर्षं ती कुणाला खटकली नाही, याचं कारण शोधलं पाहिजे. आमच्या मते ते असं: सायफन चालवता येणं आणि सायफन समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी चालत होती, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.

आपल्या नैयायिकांनी यासाठी चांगली भाषा तयार ठेवली आहे. कुंभार घडा करतो. त्याआधी माती हजर, चाक हजर, आणि माती वाहून आणणारं गाढवही हजर. गाढवाला घड्याचं कारण म्हणायचं नाही. ते अन्यथासिद्ध, कारण त्याच्याशिवायही घडा होऊ शकतो. मग सायफनमध्ये हवेचा दाब हे गाढव आहे का? नाही, कारण तो काढला की साधा सायफन तुटतो. पण तो कुंभारही नाही, कारण वाहण्याची दिशा त्याच्या हातात नाही. आम्ही त्याला सहकारी कारण म्हणू. गुरुत्वाकर्षण चालवतं, हवेचा दाब स्तंभ अखंड ठेवतो. अखंड ठेवण्याचं काम प्रसंगी रेणूंची आपसातली ओढही करू शकते.

आता परत त्या स्वयंपाकघरात चला. घरी बिअर करणाऱ्याची तक्रार असते की नळी मधेच बंद पडते. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. वळणापाशी दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून तिथे बुडबुडे सुटतात, साचतात आणि स्तंभ तोडतात. वरच्या भांड्यातली पातळी उतरत जाते तसा चढ वाढतो, म्हणून शेवटी शेवटी हा त्रास जास्त. तेव्हा खालचं भांडं आणखी खाली नेलं तर वेग वाढतो, वाहत्या द्रवाबरोबर बुडबुडे निघून जाऊ शकतात. पण स्तंभ पुरता तुटला असेल तर भांडं कितीही खाली न्या, नळी पुन्हा भरावीच लागते. जोडातून हवा शिरत असेल तर जोड घट्ट करावा लागतो. आणि पातळ्या सारख्या झाल्या असतील तर नळी भरून किंवा जोड घट्ट करून उपयोग नाही, वरचं भांडं उचलावं किंवा खालचं आणखी खाली न्यावं लागतं.

बघा, बंद पडणं एकच, पण कारणं तीन आणि उपाय तीन. ‘सायफन कशामुळे चालतो’ असं विचारलं की आपण एक शब्द बोलून मोकळे होतो. ‘कुठे बंद पडतो आणि का’ असं विचारलं की चालवणारं कारण कोणतं, टिकवणारं कोणतं आणि नुसतं शेजारी उभं कोण, हे वेगळं काढावं लागतं. ऑक्सिजनच्या बाबतीतही हेच झालं होतं.

पुढच्या वेळी हीच कसोटी आपण माणसाच्या कृतीला लावू. तिथे नळी नाही, पण दोष कुणाचा हे ठरवताना गाढव आणि कुंभार यांची गल्लत आपण रोज करतो. तोवर घरात पाण्याची नळी आणि दोन बादल्या घेऊन बघा. पाण्याला परवाना लागत नाही.