कुत्रा ल्हा ल्हा का करतो?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी, भवानीनगर आणि मग सणसर लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथं ऊस उभा असतो. पण कालव्यापासून थोडं लांब गेलं की मुरमाड माळ सुरू होतो. तिथं कुसळी गवत, बाभळी आणि चरणारी मेंढरं दिसतात. एकाच शिवारात दोन वेगळ्या हवा! या दोन हवांमधला फरक मला एका कुत्र्यामुळे नीट समजला.

जूनमधली गोष्ट. एक-दोन पाऊस होऊन गेले होते. नववीतल्या एका मुलाच्या घरी कारवानी कुत्रा होता. मुलानं वर्गात विचारलं, "सर, मे महिन्यात माळावर ऊन मरणाचं होतं. तिथं पळून आला की आमचा कुत्रा धापायचा आणि थोड्या वेळानं गप पडायचा. काल तर आभाळ आलेलं होतं, ऊनही नव्हतं. उसाच्या बांधानं पळवला, तर अर्धा तास झाला तरी धाप थांबेना. असं कसं?"

मी घाईत उत्तर दिलं, "दमला असेल. पुन्हा असं झालं तर ओलं पोतं टाक अंगावर." चार दिवसांनी तो परत आला. "पोतं टाकलं सर, तर आणखीच धापायला लागला. मग आजीनं पोतं ओढून काढलं आणि हौदातलं पाणी बादलीनं ओतलं. तेव्हा कुठं शांत झाला."

आजी बरोबर होती आणि मी चुकलो होतो. का चुकलो, ते समजून घेताना बरंच काही शिकायला मिळालं.

घामाची सोय नसलेला प्राणी

आपल्याला उकडलं की अंगभर घाम येतो. घामाचं पाणी वाफ होताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. कुत्र्याच्या अंगावर केस असतात आणि पाणी सोडणाऱ्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीवरच असतात. एवढ्याशा जागेतून अंग थंड होणं शक्य नाही. म्हणून कुत्रा बाष्पीभवनासाठी नाकाच्या आतला ओला पृष्ठभाग, तोंड आणि जीभ वापरतो. त्यावरून तो भराभर हवा फिरवतो. यालाच आपण धापणं किंवा ल्हा ल्हा करणं म्हणतो. म्हणजे धाप हा आजार नाही. तो कुत्र्याचा वाळ्याचा पडदा आहे.

ही हवा नेमकी कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते? प्राणिशरीरशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली हे मोजून दाखवलं. धापणारा कुत्रा हवा जवळजवळ सगळी नाकानं आत घेतो आणि बरीचशी तोंडानं बाहेर टाकतो. नाकातल्या घड्यांवरून जाताना हवा पाण्याची वाफ उचलते. ती परत नाकावाटेच गेली, तर थंड झालेल्या नाकात तिच्यातली बरीच वाफ आणि उष्णता पुन्हा जमा होईल. तोंडावाटे गेली, तर ती सरळ बाहेर पडते. किती हवा कुठून सोडायची, हे बदलून कुत्रा आपला 'कूलर' कमीजास्त करू शकतो.

थकवा कसा येत नाही?

इथं विद्यार्थी दोन चांगले प्रश्न विचारतात.

पहिला: शांत बसलेला कुत्रा मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा श्वास घेतो. धापताना हा आकडा ३००च्या पुढे जाऊ शकतो. मग या कष्टानंच त्याचं अंग आणखी तापत नाही का? झोपाळा आठवा. त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. लय सोडून ढकललं, तर हात दुखतात. कुत्र्याच्या छातीलाही अशीच स्वतःची लय आहे, सेकंदाला सुमारे पाच हेलकाव्यांची. कुत्रा याच लयीत धापतो, म्हणून स्नायूंना फार काम पडत नाही.

दुसरा: आपण असे भराभर श्वास घेतले तर चक्कर येते. फुगे फुगवताना हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर गेल्यानं असं होतं. कुत्र्याला चक्कर का येत नाही? कारण धापेचे श्वास उथळ असतात. बरीचशी हवा नाक, घसा आणि श्वासनलिका एवढ्यातच ये-जा करते, फुप्फुसाच्या खोल भागात फारशी पोचत नाही. मात्र अंग फारच तापलं की श्वास भराभर आणि खोलही होतात. मग कुत्र्याच्या रक्ताचाही तोल बिघडतो. धापेचा आवाज आणि खोली बदलणं हे म्हणूनच धोक्याचं लक्षण.

एक छोटं गणित

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. फळ्यावर करण्यासारखं गणित आहे.

कुत्रा २५ किलोचा धरू. त्याचं अंग एक अंश सेल्सिअसनं थंड करायला सुमारे २१ किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ३६ ग्रॅम पाणी, अर्ध्या कपाहूनही कमी, वाफ होऊन गेलं की काम झालं.

तोंडातून बाहेर येणारी हवा ३८ अंशांची आणि वाफेनं पूर्ण भरलेली आहे असं मानू. अशा एका घनमीटर हवेत सुमारे ४६ ग्रॅम वाफ मावते. मे महिन्यात माळावर हवा ४० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर आत जाणाऱ्या घनमीटरभर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ आधीच असते. म्हणजे ती हवा ३६ ग्रॅम पाणी घेऊन बाहेर पडते. कुत्रा एका अंशानं थंड!

जूनमध्ये दाट उसाच्या बांधावर हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्याच घनमीटरभर हवेत सुमारे २८ ग्रॅम वाफ आधीच भरलेली असते. तिच्यात आता फक्त १८ ग्रॅमची जागा उरली. म्हणजे हवा सात अंशांनी थंड असूनही कुत्र्याला तेवढ्याच थंडाव्यासाठी दुप्पट हवा फिरवावी लागते. त्यात दाट उसामुळे वारा अडलेला. मुलाचं निरीक्षण अचूक होतं, 'थंड' हवेतच त्याचा कुत्रा जास्त धापत होता.

हे गणित ढोबळ आहे. कुत्र्याच्या अंगात तयार होणारी आणि उन्हातून येणारी उष्णता आपण धरलेली नाही. पण मुख्य मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. तापमापकाचा आकडा पाहून कुत्र्याला पळवायचं की नाही हे ठरवता येत नाही. हवेत वाफेला जागा किती आहे, तेही पाहावं लागतं.

चपळ कुत्र्यांची अडचण

लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड असा कारवानी कुत्र्याचा बांधा ग्रेहाउंडसारखाच असतो. दोघंही सावज नजरेनं हेरून वेगानं पाठलाग करणारे. कर्नाटकात या आपल्याकडच्या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी तो जोपासला. २००५ साली टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीटही काढलं.

पातळ कातडी, तोकडे केस आणि चरबी जवळजवळ नाही. असा कुत्रा उन्हाळा सहज सोसेल असं वाटतं. काही अंशी ते खरंही आहे. पण दोन गोष्टी विसरून चालत नाही. एक, हवा अंगापेक्षा थंड असेल तरच पातळ कातडीतून उष्णता बाहेर जाते. ४० अंशांच्या उन्हात उलट ती आत येते. दुसरी, या कुत्र्याच्या अंगात स्नायू फार. ग्रेहाउंडच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्नायूंचा असतो. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच गतीत जातो, बाकीची उष्णता होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगानं जेमतेम अर्धा मिनिट धावलेल्या ग्रेहाउंडचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलेलं आढळतं.

ब्रिटनमध्ये २०१६ साली उपचार घेतलेल्या ९ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. उष्माघाताचा धोका जास्त असलेल्या जातींमध्ये बुलडॉग, पग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांबरोबर ग्रेहाउंडचंही नाव होतं. आणि उष्माघाताच्या बहुतेक घटना उन्हात बांधून ठेवल्यामुळे नव्हे, तर पळवल्यामुळे, व्यायामामुळे घडलेल्या होत्या.

नेहमीची धाप आणि वेगळी धाप

पळून आल्यावर धापणं साहजिक आहे. सावलीत, वाऱ्याला बसवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत धाप हळूहळू उतरायला हवी. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र ती नेहमीची धाप नाही:

• विश्रांती घेऊनही धाप वाढतच जाणं, श्वासात घरघर येणं.
• जीभ रुंद होऊन लांब लोंबणं, जीभ-हिरड्या गडद लाल किंवा जांभळट दिसणं.
• लाळ चिकट, तारेसारखी होणं.
• झोकांड्या जाणं, हाक मारली तरी लक्ष न देणं, उलटी, जुलाब, झटके.

गारव्यात, रात्री, काही कारण नसताना कुत्रा धापत असेल, तर उष्णतेपलीकडे पाहायला हवं. दुखणं, ताप, फटाक्यांची किंवा विजेची भीती, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, म्हाताऱ्या कुत्र्यात स्वरयंत्राच्या स्नायूंचा लकवा यांतलं काहीही असू शकतं. तिथं पशुवैद्यकाला दाखवणं हाच उपाय.

पोतं का चुकलं?

माठाला ओलं फडकं गुंडाळतो, मग कुत्र्याला ओलं पोतं का नको? माठ वाऱ्याला ठेवलेला असतो, फडकं पातळ असतं आणि माठ स्वतः उष्णता तयार करत नाही. तापलेल्या कुत्र्यावर जाड पोतं टाकलं की पोतं आणि कातडी यांच्यामधली हवा थोड्याच वेळात गरम आणि वाफेनं भरलेली होते. तिथं वारा पोचत नाही. बाष्पीभवन थांबतं आणि पोत्याची गोधडी होते! पाणी तेच होतं, कमतरता होती वाहत्या हवेची.

म्हणून कुत्रा तापला असं वाटलं तर पळवणं लगेच थांबवावं आणि त्याला सावलीत आणावं. अंगावर, विशेषतः पोटाखाली आणि मांड्यांमध्ये, भरपूर पाणी ओतावं. पंखा लावावा किंवा पुठ्ठ्यानं वारा घालावा. पाणी बर्फाचंच हवं असं नाही, कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेलं हौदाचं, बोअरचं कोणतंही चालतं. पाणी समोर ठेवावं, थोडं थोडं पिऊ द्यावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात कधीही ओतू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं. दवाखान्यात न्यायचंच, पण आधी पाणी ओतून आणि मग गाडीत घालून. वाटेतही खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पूर्वी 'आधी दवाखाना' असं सांगत. आज पशुवैद्यक 'आधी थंडावा' असं सांगतात, कारण तापलेलं प्रत्येक मिनिट मेंदू, मूत्रपिंड आणि आतड्याला इजा करत असतं.

करून पाहा

दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर पातळ ओलं फडकं गुंडाळा. दोन्ही सावलीत ठेवून पुठ्ठ्यानं वारा घाला आणि पाच मिनिटांनी आकडे लिहा. शाळेच्या पटांगणात, माळावर आणि उसाच्या बांधावर, मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत हे करा. वरच्या गणितातल्या माळावर कोरडा तापमापक ४० आणि ओला सुमारे २२ दाखवेल. उसाच्या बांधावर ३३ आणि सुमारे ३०. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं कमी, तितका कुत्र्याचा कूलर निकामी.

प्रयोग हवेवर करायचा, कुत्र्यावर नाही. कुत्र्याचं निरीक्षण करायचं असेल तर तो झोपलेला असताना छातीचे हेलकावे मिनिटभर मोजा. हा झाला त्याचा नेहमीचा आकडा. तो वहीत लिहून ठेवला असेल, तर काही बिघडलं की पहिल्यांदा घरच्यांच्याच लक्षात येईल.

त्या मुलानं पुढं असे आकडे महिनाभर लिहिले. आता तो कुत्र्याला पळवायला सकाळी लवकर माळावर नेतो आणि पावसाळी उकाड्यात उसाच्या बाजूला फिरकत नाही. निघण्यापूर्वी हौद भरलेला आहे ना, हे मात्र आजी पाहते.