अग्निप्रदीपनाआधीची परीक्षा

दसऱ्याच्या सुमारास महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ सुरू होतात. संचालक जमतात, पूजा होते, नारळ फुटतो. पण बॉयलर पेटवण्याचा खरा हक्क मिळतो तो निरीक्षकाच्या प्रमाणपत्राने. त्या कागदामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

१८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले, पण त्यांच्यात मेळ नव्हता. तो घातला १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने. १९५० मध्ये तपशीलवार विनियम आले. तेच कारखान्यांतले 'आयबीआर'. पाइप, व्हॉल्व्ह, वेल्डर या सगळ्यांच्या नावाआधी आजही हे बिरूद लागते.

एवढी कडक शिस्त का, याचे उत्तर पाण्यात आहे. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते. बॉयलरमधले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या बरेच वर तापलेले असते. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातला बराच भाग क्षणार्धात वाफ होऊन बाहेर झेपावतो. म्हणून नव्या बॉयलरची पहिली परीक्षा थंड पाण्याने घेतात. तो पाण्याने काठोकाठ भरून दाब नेहमीपेक्षा बराच वर चढवतात. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा कमी साठते. एखादा जोड कच्चा निघाला, तर बहुधा गळतीवरच निभावते.

बसवतानाही विनियमांचा एकाच साधनावर भरवसा नाही. पाण्याची पातळी दाखवणारी साधने दोन हवीत, सेफ्टी व्हॉल्व्हही दोन. एक अडकला तर दुसऱ्याने दाब सोडला पाहिजे.

या कायद्यातून काय सुटते, हेही पाहायला हवे. जुन्या व्याख्येत पाच गॅलनांपर्यंतची, म्हणजे सुमारे २२.७५ लिटरची भांडी कायद्याबाहेर होती. २००७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५ लिटर केली. तिच्या आत बसणारे 'नॉन-आयबीआर' बॉयलर छोट्या उद्योगांत सर्रास दिसतात. त्यांना परवाना लागत नाही, पण वाफ त्यांच्यातही दाबाखालीच असते. दाबाखालचा वायू साठवणाऱ्या टाक्यांची वाट आणखी वेगळी. त्या स्फोटक कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत येतात आणि त्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो', म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, पाहते. एकाच आवारात बॉयलर एका खात्याकडे आणि गॅसची टाकी दुसऱ्या खात्याकडे, अशी ही विभागणी आहे.

आता १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. सात गुन्ह्यांपैकी जीवित आणि मालमत्तेला धोका पोचवू शकणाऱ्या चार गंभीर गुन्ह्यांची फौजदारी शिक्षा कायम ठेवली आहे, बाकीच्यांना आर्थिक दंड. खासगी सक्षम व्यक्तींकडून तपासणी करून घेण्याची वाट २००७ पासूनच खुली आहे. निरीक्षकाची वाट पाहत कारखाना अडून राहू नये, हा हेतू रास्तच आहे. पण ज्याचा बॉयलर त्यानेच तपासनीस नेमायचा आणि त्यानेच शुल्क द्यायचे, तर नापास करण्याचे धैर्य टिकवणारी व्यवस्थाही हवी. अशा तपासण्यांची सरकारने अचानक फेरतपासणी करावी आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर ठेवावा. छोट्या बॉयलरनाही किमान वर्षातून एकदा कोणीतरी जाणत्याने हात लावावा.

आपल्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा वसतिगृहात बॉयलर असेल, तर उद्याच तिथल्या अटेंडंटला भेटा. प्रमाणपत्राची मुदत बघा, सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर व्यवस्थापनाला लेखी कळवा आणि तो विषय तडीस न्या.