लायपोसक्शन आणि टमी टक एकाच वेळी: किती सुरक्षित?

दोन सिझेरियन झालेली, चाळिशीच्या आसपासची बाई तपासणीला येते. पोटाची कातडी लोंबते, कमरेच्या दोन्ही बाजूंना चरबी साठली आहे आणि चालून, डाएट करून तिला फारसा फरक पडलेला नाही. दीपनगर कॉलनीतून किंवा भुसावळहून आलेल्या कुटुंबाचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "डॉक्टर, एकदाच भूल देऊन दोन्ही उरकता येईल का? पुन्हा पुन्हा रजा मिळत नाही."

प्रकृती चांगली असेल तर बहुतेक वेळा उत्तर 'हो' असते. पण चरबी पोटाच्या कोणत्या भागातून काढणार, किती काढणार आणि ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन आठवडे तुम्ही कुठे राहणार, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

एकत्र केल्याने धोका का वाढतो?

लायपोसक्शनमध्ये बारीक नळीने त्वचेखालची चरबी ओढून घेतात. टमी टकमध्ये ओटीपोटावर आडवा छेद घेऊन पोटाची कातडी वर उचलतात, बाळंतपणात दूर गेलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि जादा कातडी कापून टाकतात. आतड्यांभोवतीची चरबी यापैकी कशानेच निघत नाही, त्यामुळे हा वजन कमी करण्याचा इलाज नव्हे.

पोटाच्या मधल्या कातडीला रक्त मुख्यतः खालच्या स्नायूंमधून वर येणाऱ्या छोट्या रक्तवाहिन्यांतून मिळते. कातडी उचलताना यातल्या बऱ्याच वाहिन्या कापल्या जातात. मग ती कातडी जगते दोन्ही कुशींकडून येणाऱ्या रक्तावर. वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल: मधला फीडर बंद झाला आणि सगळी वस्ती बाजूच्या लाइनींवर आली. अशा वेळी उचललेल्या कातडीच्या मध्यभागी लायपोसक्शनची नळी जोरात फिरवली, तर उरलेला पुरवठाही तुटू शकतो. त्यातून जखम उघडते, बेंबीखालची कातडी काळी पडते आणि महिना-दोन महिने ड्रेसिंग करावे लागते.

म्हणून कंबर आणि पाठीच्या बाजूचे लायपोसक्शन टमी टकसोबत तुलनेने निर्धोक मानतात. बेंबीच्या वरच्या मधल्या भागात हात आखडता घेतात. ब्राझीलचे सर्जन ओस्वाल्दो साल्दान्या यांनी २००१ मध्ये वेगळी पद्धत मांडली. तिच्यात कातडी मर्यादितच सोडवतात आणि स्नायूंतून येणाऱ्या वाहिन्या जपतात, त्यामुळे पोटावरही लायपोसक्शन करता येते. तुमचे सर्जन कोणत्या पद्धतीने करणार आहेत, हे जरूर विचारा. असे विचारल्याने चांगला सर्जन रागावत नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत २५ हजारांहून अधिक टमी टक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा दाखल व्हावे लागणे, इमर्जन्सीत जावे लागणे किंवा पुन्हा ऑपरेशन करावे लागणे, अशा मोठ्या गुंतागुंती त्यात मोजल्या होत्या. फक्त टमी टक केलेल्यांत त्यांचे प्रमाण ३.१ टक्के होते, लायपोसक्शनची जोड दिल्यावर ३.८ टक्के. पण मांड्या, दंड असे शरीराचे आणखी भागही त्याच वेळी केले, तेव्हा ते १०.४ टक्क्यांवर गेले. "आलोच आहोत तर हेही करून टाका" हा आग्रह नेमका इथे महागात पडतो.

रुग्णालयाबाहेरच्या क्लिनिकमध्ये ही जोड-ऑपरेशने होऊ लागल्यावर फ्लोरिडा राज्याने २००४ मध्ये त्यांच्यावर काही काळ बंदीच घातली होती. तिथल्या नियमानुसार क्लिनिकमध्ये टमी टकसोबत १ लिटरपेक्षा जास्त चरबी काढता येत नाही. आपल्याकडे काय काळजी घ्याल? अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय निवडा, आणि एक रात्र तरी तिथे राहा. लायपोसक्शनपूर्वी चरबीत सोडलेल्या द्रवात बधिरतेचे औषध असते. त्याची रक्तातली पातळी साधारण १२ तासांच्या आसपास सर्वाधिक होते, म्हणजे बहुधा मध्यरात्री. 'सकाळी या, संध्याकाळी घरी जा' हे पॅकेज या जोड-ऑपरेशनासाठी मला मान्य नाही.

ऑपरेशनआधी हे सांगाच

पहिली गोष्ट मिसरी. सिगारेट ओढत नाही म्हणून तंबाखूच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्या अनेक बायका रोज मिसरी लावतात. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सून ते सांगत नाही, मग तिला एकटीला विचारावे लागते. मिसरी, गुटखा, विडी यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, आणि वर सांगितलेला अपुरा रक्तपुरवठा आणखी घटतो. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे ते पूर्ण बंद हवे. ते शक्य नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला.

दुसरी, हार्मोनच्या गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्या आणि पूजा, लग्न, यात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढवतात. त्या मनाने घेऊ नका आणि घेत असाल तर लपवू नका.

हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवायचे, मग तारीख ठरवायची. मधुमेह आटोक्यात हवा. सातपुड्याच्या पट्ट्यातील, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजातील रुग्णांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या ऑपरेशनचा बरगडीखालचा व्रण दाखवा, कारण तिथूनही रक्तपुरवठा तुटलेला असतो. सिझेरियनच्या जागी किंवा बेंबीत हर्निया असेल तर लायपोसक्शनच्या नळीने आतड्याला इजा होऊ शकते. शंका असल्यास सोनोग्राफी करून घ्या. आणखी मूल हवे असेल तर टमी टक नंतरच करा.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये तिची नोंद आहे का, हे पाहा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी त्याची जागा घेऊ शकत नाही.

दीपनगरहून दूर जाऊन करणार असाल तर

या जोड-ऑपरेशनातला सर्वांत गंभीर धोका म्हणजे पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. ऑपरेशन लांबते, पोट आवळलेले असते, रुग्ण वाकून चालतो आणि दुखते म्हणून हालचाल टाळतो. त्यात मुंबईहून भुसावळपर्यंत साडेचारशे किलोमीटरचा प्रवास बसून केला तर धोका वाढतो. मुंबई-पुण्याला करायचेच असेल तर निदान ड्रेन निघेपर्यंत, म्हणजे आठवडा-दीड आठवडा, तिथेच राहण्याची सोय करा. प्रवासात दर तासाला उठून चार पावले चाला, पाणी भरपूर प्या. गुठळी टाळण्याचे इंजेक्शन सर्वांना लागत नाही, पण तुम्हाला लागते का, हे आधी विचारा.

भुसावळचा एप्रिल-मे टाळलेला बरा. पोटाचा घट्ट पट्टा साधारण सहा आठवडे घालायचा असतो. ४५ अंशांत घामाने कातडी सोलवटते, शरीरातले पाणी कमी होते आणि बायका पट्टा काढून ठेवतात. दिवाळीनंतरचे दिवस जास्त सोयीचे.

घरी आल्यावर एकाच पोटरीला सूज किंवा दुखणे सुरू झाले तर ती चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बेंबीखालची कातडी निळी-काळी दिसली, ताप आला किंवा पोटात पाणी डुचमळल्यासारखे वाटले तर सर्जनना फोन करा. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर मुंबईच्या सर्जनच्या फोनची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून जवळच्या अतिदक्षता विभागात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड कपाटात न ठेवता उशाशी ठेवा.